फाटकात उघडलेली पिशवी

सोमवार, १० फेब्रुवारी

मालकांनी आज नवी पुस्तिका लिहायला दिली. शाळांच्या ग्रंथालयांसाठी आमच्या छापखान्याची एक माला चालते. तिच्यात 'वारा' झाला, 'कापूस' झाला, 'पूल कसे बांधतात' झालं, आता 'इस्लामची ओळख'. ऐंशी पानं, बारा प्रकरणं, मार्चअखेर छापून, बांधून तयार हवी. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, सनावळ्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन.

उठताना मालक म्हणाले की लिहून झालं की चाचांना एकदा दाखवा. चाचा म्हणजे आमचे बाइंडर. त्यांच्या नि माझ्या टेबलामध्ये एक काचेची भिंत आहे, बस्स. शाळा सोडून मी इथे आले त्याला अकरा वर्षं झाली आणि तेवढी वर्षं ती काच मध्ये आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणते, खरं तर ते माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेत. मला मनातून हसू आलं. पुस्तकाच्या पाठीला सरस लावणारा माणूस, पोटातलं काय सांगणार? मी ग्रंथालयातून चार जाडजूड ग्रंथ आणले आहेत, ते पुरेत.

वर लिहिलेलं परत वाचलं. बरं दिसत नाही. पण या वहीत खोडायचं नाही असा माझाच नियम आहे, तेव्हा राहू दे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

इतिहासाचं प्रकरण एका बैठकीत झालं. मुहंमद पैगंबर मक्केत व्यापार करत तेव्हा लोकांचा त्यांच्यावर इतका विश्वास की मौल्यवान वस्तू सांभाळायला त्यांच्याकडे ठेवायचे. चाळिसाव्या वर्षी डोंगरातल्या गुहेत त्यांना पहिला संदेश आला, आणि त्याचा पहिला शब्द होता, वाच. पुढे मक्केत राहणं अशक्य झाल्यावर इ.स. ६२२ मध्ये ते मदीनेला गेले. त्या स्थलांतराला हिजरत म्हणतात आणि मुसलमानांची कालगणना त्या वर्षापासून धरतात. पहिली अजान देणारे बिलाल हे गुलामीतून सुटलेले गृहस्थ. त्यांच्यावर पाऊण पान लिहिलं आणि लिहिताना माझे डोळे भरून आले.

कालगणनेचा भाग यांना वाचून दाखवला. (हे म्हणजे माझे यजमान. नकाशे काढण्यात हयात गेली, आता निवृत्त होऊन माझ्या लिखाणातल्या चुका काढतात.) चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि तेहतीसएक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. यांनी विचारलं, "मग तुमच्या चाचांचे रोजे यंदा कधी सुरू होतात?" मला सांगता आलं नाही. "काखेत कळसा नि गावाला वळसा," असं म्हणून हे चष्मा पुसत बसले. मला राग आला. पुस्तक मी लिहिते आहे, चाचांच्या घरचं कॅलेंडर नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

यांचं बोलणं मनात राहिलं होतं म्हणून आज मुद्दाम काचेपलीकडे गेले. चाचा एक जाड शब्दकोश सुईदोऱ्याने शिवत होते. विचारलं, कुराणाचे भाग किती? म्हणाले, तीस. प्रत्येकाला जुज म्हणतात, रमजानमध्ये रोज एक वाचला की महिन्यात पुरं होतं. मग सुई वर धरून म्हणाले, "आपली जुजबंदी ती हीच की, बाई. एकेक जुज घ्यायचा आणि शिवत जायचं."

दोऱ्याच्या या शिवणीला अकरा वर्षं मी जुजबंदी, जुजबंदी म्हणते आहे. कुठलं पुस्तक पिनांवर धरायचं आणि कुठलं दोऱ्याने शिवायचं हे मीच लिहून देते. पण हा शब्द आला कुठून, असं कधी मनात आलं नाही. टेबलाशी परत येऊन लगेच प्रस्तावनेत घातलं. फार शोभून दिसलं. कुणी सांगितलं ते लिहिलं नाही, एवढ्याशा गोष्टीला कुठे नाव देत बसायचं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

एक सुंदर कल्पना सुचली. त्या पहिल्या संदेशातली आयत, 'वाच' या शब्दाने सुरू होणारी ओळ, अरबी सुलेखनात काढून घ्यायची आणि बाराही प्रकरणांच्या माथ्यावर छापायची. चित्रकाराने ती अशी काढली आहे की नजर हटत नाही. मालक खूश.

चाचांनाही नमुना दाखवला. ते आधी हात धुऊन आले, मग कागद घेतला. बरं केलं, सरसाचे हात. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "फार छान आहे. पण बाई, प्रत्येक प्रकरणावर नको. आत एकाच पानावर ठेवा." का, तर म्हणाले, छापखान्यात कागद फार फिरतो. याचा अर्थ मला काही लागला नाही. साधं काम करायची सवय असलेल्या माणसाला नजाकत नको वाटते, असं समजून मी त्यांना सजावटीचं महत्त्व समजावून सांगितलं, चांगली दहा मिनिटं. ते "तुमची मर्जी" म्हणाले आणि कामाला लागले.

सोमवार, ३ मार्च

कालपासून रमजान सुरू झाला. पहाट फुटायच्या आधी खायचं, मग सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही की पाणी नाही. आजारी, प्रवासी, अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सूट. हे सगळं मी सहाव्या प्रकरणात लिहिलं आहे आणि चांगलं लिहिलं आहे.

चार वाजता चहा आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छापखान्यात चारचा चहा मी सांगते, सगळ्यांचा. म्हणजे अकरा रमजान मी त्यांच्यापुढे कप ठेवत आले. मशीनमनला हळूच विचारलं, की मग त्या कपाचं काय होतं? तो हसायला लागला. चाचा दरवर्षी तो त्यालाच देतात, आणि बाईंना सांगू नकोस, त्यांना उगाच वाईट वाटेल, असं बजावतात.

मला इतकं लाजल्यासारखं झालं की काहीतरी करावं म्हणून मी मोठ्याने सांगितलं, आजपासून महिनाभर चाचांचा कप नको, त्यांचा रोजा आहे. सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. ते सरसाच्या डब्यात बघत राहिले. अकरा वर्षं त्यांनी जे गुपचूप निभावलं ते मी एका वाक्यात चव्हाट्यावर आणलं. शिवाय मशीनमनचा जादा कप गेला तो गेलाच, तोही माझ्यावर रुसला आहे.

शुक्रवार, ७ मार्च

छपाई सुरू झाली. सोळा पानांचा एक फर्मा, असे पाच. शाई नीट बसेपर्यंत प्रत्येक फर्म्याचे शेदीडशे ताव वाया जातात. ते रद्दीत जायचे. त्यातले काही मशीनमन रूळ पुसायला घेतो, काही यंत्राखाली तेल गळतं तिथे अंथरतो, दोन ताव पसरून आज मंडळी डबा खायला बसली होती. जाता-येता पाहिलं, प्रत्येक तावावर माझी आयत. शाई किती काळीभोर आली आहे, एवढंच मनात आलं.

मालकांचं दुसरंच चाललं आहे. रद्दीचा गठ्ठा भरायला हवा तेवढा भरत नाही म्हणतात. मागच्या वर्षी कोऱ्या कागदाची दोन रिमं गेली, कुणी नेली ते कळलंच नाही, तेव्हापासून त्यांना प्रत्येकाची पिशवी फुगलेली दिसते. थोरल्या मालकांपासूनचा नियम आहे, चिठ्ठीशिवाय चिटोराही फाटकाबाहेर जायचा नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज जे पाहिलं ते लिहायला नको वाटतंय.

साडेपाचला चाचा निघतात, रोजा सोडायला घरी पोचायचं असतं. त्याआधी मी प्रूफ द्यायला पलीकडे गेले, तर ते यंत्रापाशी वाकून ताव गोळा करत होते. काही तर रद्दीच्या गठ्ठ्यातून ओढून काढलेले. टेबलावर नेऊन कात्रीने काहीतरी कापलं, जुळवलं, आणि कापडी पिशवीत घातलं. उरलेला कागद परत गठ्ठ्यात. मला पाहिलं, जरा थांबले, मग पिशवीचा बंद बांधला. त्यांना वाटलं असेल मी काही विचारीन. मी प्रूफ ठेवलं आणि आले.

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, उद्या सरळ विचार. असं कसं विचारायचं इतक्या वर्षांच्या माणसाला? आणि खरंच काही निघालं तर? त्यापेक्षा डोळ्यांवर कातडं ओढलेलं बरं.

आजच नववं प्रकरण शेवटचं तपासून दिलं, रोजच्या वागण्याचं. भेटल्यावर सलाम म्हणजे तुमच्यावर शांती असो. शेजारी उपाशी असताना आपण पोटभर जेवू नये. आणि पाठीमागे कुणाचं वाईट बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, ही कुराणातली उपमा. त्या वाक्यात एक स्वल्पविराम राहिला होता, तो घातला.

गुरुवार, १३ मार्च

मालकांनी सकाळी बोलावून थेट विचारलं, बाई, काचेतून तुम्हाला सगळं दिसतं, रद्दी कोण नेतंय? मला ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं. आधी मी त्यांच्याशी बोलते, असंही म्हणता आलं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, मी आरोप करत नाही, पण चाचांना पिशवीत कागद भरताना पाहिलं. आरोप करत नाही, हे मी दोनदा म्हटलं.

साडेपाचला सगळे फाटकाशी होते तेव्हा मालकांनी चाचांना पिशवी उघडायला सांगितली. चाचा म्हणाले, आत चला, आत दाखवतो. मालक म्हणाले, इथेच. पहारेकऱ्याने पिशवी घेतली आणि त्याच्या टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर, एक रुमाल, खजुरांची छोटी डबी. डबी खाली पडून उघडली आणि खजूर फरशीवर गेले. शेवटी दोऱ्याने बांधलेली एक जुडी निघाली. पहारेकऱ्याने ती सोडली. कागदाच्या पट्ट्या, दोन बोटं रुंदीच्या, आणि प्रत्येक पट्टीवर ती अरबी ओळ. दुसरं काही नाही. काही पट्ट्या घरंगळून खाली पडल्या.

मालकांना कळेना. हे कशाला नेताय, म्हणाले.

"पायाखाली येत होतं," चाचा म्हणाले. "म्हणून उचललं."

एवढंच बोलले आणि खाली बसून पट्ट्या वेचायला लागले. एकेक उचलायची, रुमालाने पुसायची, टेबलावर ठेवायची. मालक ओशाळले, पण मालकच ते, एकदा चढवलेला आवाज उतरवणार कसा? मग विचारायचं होतंत, नियम तो नियम, म्हणाले. कधीपासून नेताय, किती नेलंत, सगळं पहारेकऱ्याच्या वहीत लिहून घेतलं, चाचांची सही घेतली. आणि वर म्हणाले, बाईंनी पाहिलं म्हणून निदान कळलं तरी.

चाचांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या प्रूफात डोकं घातलं. ते पान कोरं होतं. चाचा सुटून गेले तेव्हा फाटकावरचा दिवा लागला होता. मग पहारेकऱ्याने फरशी झाडून घेतली.

शुक्रवार, १४ मार्च

चाचा आले नाहीत.

माझ्या चार जाडजूड ग्रंथांपैकी तिसऱ्यात सापडलं. ज्या कागदावर अल्लाचं वचन आहे तो पायाखाली येऊ देत नाहीत, कचऱ्यात टाकत नाहीत. जीर्ण झाला तर स्वच्छ कापडात गुंडाळून, जिथे कुणाची ये-जा नाही अशा जागी पुरतात, किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. हात लावायचा तोही हातपाय-तोंड धुऊन. म्हणजे त्या दिवशी ते सरसासाठी हात धुऊन आले नव्हते. कागद फार फिरतो म्हणाले होते तेही हेच.

सगळ्यात वाईट हे की ते पान मी फेब्रुवारीतच वाचलं होतं. समासात माझ्याच पेन्सिलीची खूण आहे आणि शेजारी लिहिलंय, जागा उरली तर घेणे.

सोमवार, १७ मार्च

चाचा आले. रोजच्यासारखं "बरं ना, बाई?" म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी मालकांना सांगितलं की ही पुस्तिका बांधून झाली की मी थांबतो, शनिवारी एकोणतीस तारखेला शेवटचा दिवस. जावयाचं वह्या बांधायचं दुकान आहे, तिथे बसणार. मालकांनी दोनदा थांबवलं. चाचा म्हणाले, आता वय झालं. वय मला माहीत आहे. माझ्याहून पाच वर्षांनी कमी.

मालकांनी मशीनमनला ताकीद दिली की वाया गेलेले ताव वेगळ्या खोक्यात ठेवायचे. पाचव्या फर्म्यातून आयत काढली. चार फर्मे आधीच छापून गेले आहेत. त्या पाचव्यात जरा जागा होती, तिथे मी लिहिल्या कागदाच्या आदराबद्दल एक परिच्छेद घातला. मुलांनी काय करावं, काय करू नये. लिहून झाल्यावर थोडं हलकं वाटलं.

बुधवार, १९ मार्च

यांना तो परिच्छेद दाखवला. वाचून म्हणाले, "कबुली द्यायची होती, तू धडा दिलास."

मी भांडले. तुम्हाला काय जातं बोलायला, त्यांच्यासमोर उभं राहायचं मला आहे. हे आत गेले. मग स्वयंपाकघरात एकटी उभी असताना मला माझा वर्ग आठवला. एकतीस वर्षं मी पोरांना उभं करत आले. काय केलंस ते सगळ्यांसमोर सांग, खाली बघू नकोस, वर बघ. आठ-नऊ वर्षांची पोरं, कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि जुजबंदीचं? त्यांच्या तोंडचं उचलून मी स्वतःच्या नावावर छापलं. छापखान्यातून चिठ्ठीशिवाय काही नेलं असेल तर ते मी. प्रस्तावना पहिल्या फर्म्यात आहे, आता बदलता येत नाही.

शनिवार, २२ मार्च

उत्तमातल्या उत्तम खजुरांची पेटी आणली. चाचा दुपारच्या नमाजाला गेले होते तेव्हा त्यांच्या टेबलावर ठेवून आले. वर चिठ्ठी लावली, 'रमजाननिमित्त'. माफ करा, हे दोन शब्द लिहायला घेतले होते, पण चिठ्ठी कुणी दुसऱ्याने वाचली तर, म्हणून नाही लिहिले. आल्यावर त्यांनी पेटी पाहिली, चिठ्ठी वाचली, काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली. पेटी न उघडता घरी घेऊन गेले. मालकांनी लगेच चिठ्ठी करून दिली, पेटी बाहेर न्यायला.

मला वाटतं, त्यांना आवडली.

गुरुवार, २७ मार्च

पुस्तिकेची पहिली बांधलेली प्रत हातात आली. पिनांवर धरायची ठरली होती, पण ही प्रत चाचांनी सुईदोऱ्याने शिवली आहे. लेखिकेची प्रत म्हणून. चाळताना अकरावं प्रकरण उघडलं, तिथे माझंच वाक्य. देवाच्या बाबतीत चुकलं तर माफी देवाकडे मागावी, पण माणसाचा हक्क मारला तर ती त्या माणसाकडेच मागावी लागते, दुसऱ्या कुणाला ती देता येत नाही. असं छान गोल वाक्य. मी ते कुठूनसं घेऊन, घासूनपुसून, बसवलं होतं.

प्रत हातात घेऊनच पलीकडे गेले. जीभ रेटेना. म्हटलं, चाचा, मी मालकांना सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं. मला माफ करा.

त्यांची सुई थांबली. म्हणाले, "मी त्याच दिवशी माफ केलं, बाई. रोजा धरून मनात काय ठेवू?"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. आभार मानून वळले. त्यांनी आणखी दोन टाके घातले असतील, मग मान वर न करता म्हणाले, "पण तुम्ही इथे आत सांगताय. ते फाटकात झालं होतं." आवाजात राग नव्हता. लगेच दुसरं विचारलं, बाकीच्या प्रतींना कव्हर आज चढवू का उद्या? मी म्हटलं, उद्या.

दगड परत होता तिथे.

शनिवार, २९ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. यंत्राखाली मशीनमनने अंथरलेले जुने ताव अजून तसेच होते, खोक्यात गेले ते नंतरचे. पासष्टाव्या वर्षी मी यंत्राखाली शिरले. गुडघ्यांनी जाहीर निषेध नोंदवला. सात ताव निघाले, तेलाने आरपार दिसणारे. ते टेबलावर पसरले, हात धुतले, आणि पट्ट्या कापल्या. माझं कापणं वाकडंतिकडं. चाचांच्या पट्ट्या पट्टीने आखल्यासारख्या होत्या.

दिवसभर मनात भाषण जुळवत होते. त्यात माणुसकी होती, इतिहास होता, बिलालही होते.

साडेपाचला सगळे फाटकाशी जमले. मालकांनी चाचांना घड्याळ दिलं, चार शब्द बोलले. चाचा निघणार एवढ्यात मी पुढे झाले आणि पहारेकऱ्याच्या टेबलावर माझी पिशवी उपडी केली. किल्ल्या, गुडघ्याचं मलम, अर्धं संत्रं, ही वही, आणि पट्ट्या. पहारेकरी गोंधळून मालकांकडे बघायला लागला.

"माझ्याकडे चिठ्ठी नाही," मी म्हटलं. "हे मी बाहेर नेत होते. चाचांनी हेच नेलं होतं. मी त्यांना काही न विचारता चोर ठरवलं, आणि इथे उभी राहून बघत होते. माझं चुकलं."

भाषणातलं एवढंच उरलं. मालक जमिनीकडे बघत होते, मशीनमन तोंडावर हात धरून. चाचांकडे पाहिलं, तर त्यांनी मान फिरवून रस्त्याकडे नजर लावलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, वाटलं यांना ऐकायचंसुद्धा नाही. माझं सामान पिशवीत भरून होईपर्यंत ते तसेच उभे होते. मग वळले, आणि तेव्हा मला कळलं. माझी उलटी झालेली पिशवी आणि माझे कान लाल झालेले, हे बघायचं नाही म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. त्या दिवशी मी खाली बघितलं ते स्वतःला लपवायला.

त्यांनी खिशातून दोरा काढला, माझ्या वाकड्या पट्ट्या जुळवून बांधल्या आणि मालकांपुढे धरल्या. मालक म्हणाले, न्या हो चाचा, न्या. निघताना मला म्हणाले, उद्या चांद दिसला तर सोमवारी ईद, साहेबांना घेऊन घरी या.

सोमवार, ३१ मार्च

काल संध्याकाळी यांनीच गच्चीवरून चंद्र पाहिला, नखाएवढा, आणि जणू स्वतः काढून आणल्यासारखे सगळ्यांना सांगत सुटले. आज ईद. नमाजाआधी गरिबांसाठी फितरा द्यायचा असतो, म्हणजे त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटायची राहू नये. हे मी दहाव्या प्रकरणात लिहिलं आहे.

दुपारी दोघं गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. चाचा दारातच यांच्या गळ्यात पडले, एकदा या खांद्यावर, एकदा त्या. मला म्हणाले, या बाई. फळीवर पुस्तिका उभी करून ठेवली होती. पट्ट्यांचं काय केलं, विचारलं. परवाच पुरल्या, म्हणाले, सगळ्या एकत्र, तुमच्याही. यांना घेऊन खिडकीशी बसले आणि जुन्या नकाशांची बांधणी कशी करतात यावर दोघांची गाडी जी सुटली ती थांबेना.

त्यांच्या पत्नीने माझ्या हातात गोडाची वाटी दिली. हसल्या नाहीत. मी ईद मुबारक म्हटलं, त्यांनी परत म्हटलं. मग माझ्यासमोर बसून हळू आवाजात, खिडकीकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला माफ केलं. मला सांगितलं त्यांनी. पण त्या गुरुवारचा रोजा त्यांनी रस्त्यातल्या नळावर, नुसत्या पाण्यावर सोडला. खजूर तुमच्या फाटकात सांडले होते. मी इथे ताट वाढून बसले होते."

मी म्हटलं, मला हे ठाऊक नव्हतं.

"तुम्ही तिथे होतात ना?" त्या म्हणाल्या.

मग उठून त्यांनी कपाटातून माझी खजुरांची पेटी काढली. तशीच होती, माझी चिठ्ठीसुद्धा वर. त्यांनी ती फोडली आणि माझ्यापुढे धरली. मी एक खजूर घेतला. खाऊन बी तळहातावर धरून बसले. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांची वेगळी माफी मागितली. त्या म्हणाल्या, वाटी संपवा आधी.

घरी येऊन तेरा तारखेचं पान काढलं. डबी खाली पडून उघडली आणि खजूर फरशीवर गेले. माझंच अक्षर आहे. खाली फाटकावरचा दिवा लागल्याचंही लिहिलं आहे, आणि पहारेकऱ्याने फरशी झाडून घेतल्याचंही. सगळं मीच लिहून ठेवलं होतं. अठरा दिवस ही वही रोज उघडत होते.